गोकर्णीचा निळा भात आणि तंजावरचे डांगर

आमच्या गारखेड्यातील घराच्या स्वयंपाकघरात, सर्वांत वरच्या फळीवर, पितळेचा एक मोठा डबा आहे. गेली सहा वर्षे तो रिकामा होता. पूर्वी त्यात राबोडी असे. मक्याचे पीठ ताकात शिजवून त्याच्या पातळ चकत्या उन्हात वाळवायच्या आणि वर्षभर भाजीसाठी जपून ठेवायच्या, ही मारवाडातील जुनी रीत. अष्टमी-चतुर्दशीला किंवा पर्युषणात हिरवी भाजी वर्ज्य असते, तेव्हा ही राबोडी घराची लाज राखते. माझे पणजोबा पाली परगण्यातून जालन्याच्या मोंढ्यात आले. तिकडच्यासारखा मका इकडे सहज मिळेना, ज्वारी मात्र दारोदारी. मग आमच्या घरची राबोडी ज्वारीची झाली. माझी आई, जिला आम्ही सारे 'बाई' म्हणत असू, ती राबोडी दरवर्षी वैशाखात करी. सहा वर्षांपूर्वी बाई गेल्या आणि राबोडीचे प्रमाण त्यांच्याबरोबर गेले. सौभाग्यवतींनी तीन उन्हाळे प्रयत्न केले. चकत्या वाळताना तडकत, नाहीतर भाजीत पडताच विरघळून जात. चौथ्या वर्षी तिने डबा घासून-पुसून वर ठेवून दिला.

हे सारे आरंभीच सांगण्याचे कारण असे, की गेल्या डिसेंबरात आम्ही उभयतां जो प्रवास केला, त्यात दोन निरनिराळ्या देशांतील दोन सुंदर भोजनगृहांत बसून आम्हांला या रिकाम्या डब्याचीच आठवण झाली.

'इथेच जन्मलेले' लोक

आमचे चिरंजीव आठ-नऊ वर्षांपासून सिंगापूरला नोकरीनिमित्त असतात. नातीचा जन्म तिथलाच. ती आता नऊ वर्षांची आहे. एका शनिवारी त्याने आम्हांला आर्मेनियन स्ट्रीटवरील पेरानाकन संग्रहालय दाखवले. व्यापारी कुळातील माणसाला तेथे दोन तास सहज घालवता येतात.

मलाक्का, पेनांग आणि सिंगापूर ही वाऱ्याच्या मर्जीवर वाढलेली बंदरे. शिडाच्या जहाजांच्या काळात चीनचे व्यापारी ईशान्य मोसमी वाऱ्याबरोबर खाली येत आणि वारा उलटेपर्यंत त्यांना तेथे थांबावे लागे. थांबता थांबता काही जण कायमचे राहिले. पंधराव्या शतकापासून अशा व्यापाऱ्यांनी स्थानिक स्त्रियांशी संसार थाटले आणि त्यांची जी पुढची पिढी झाली ती पेरानाकन. मलय भाषेत 'अनाक' म्हणजे मूल. 'पेरानाकन' म्हणजे ढोबळमानाने 'इथेच जन्मलेले'. पुरुषांना 'बाबा' म्हणतात, स्त्रियांना 'न्योन्या'. पूर्वजांची पूजा आणि लग्नविधी चिनी राहिले. पेहराव, बोली आणि चुलीवरचे भांडे मात्र मलय झाले. नारळाचे दूध, चिंच, गवती चहा, तिखट मिरची यांनी चिनी स्वयंपाकाचा रंगच पालटला.

पेरानाकन म्हणजे केवळ चिनी वंशाचेच असे नाही. मलाक्क्याच्या सुलतानांच्या काळी आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरून गेलेल्या तमिळ व्यापाऱ्यांचे वंशज तेथे 'चेट्टी मलाका' म्हणून ओळखले जातात. घरात मलय बोलतात आणि देवळात मात्र शिवाची व मारिअम्मनची पूजा करतात. त्यांच्याविषयी वाचताना मी सौ.ला हळूच म्हटले, "आपल्यासारखेच की! मारवाड सोडला, मराठी बोलू लागलो, पण नवकार तोच."

नात शेजारीच उभी होती. तिने विचारले, "दादी, मी इथे जन्मले. मग मी पेरानाकन आहे का?"

मी हसलो. सौ. हसली नाही.

प्रांजळ नकार

दुपारच्या जेवणासाठी चिरंजीवाने एका जुन्या पद्धतीच्या घरातील नामांकित पेरानाकन भोजनगृहात जागा राखून ठेवली होती. सिंगापुरात वर्षभर सूर्यास्त सातच्या आसपास होतो आणि सौ.चा चौविहार असतो, म्हणून त्याने रात्र टाळून दुपारच निवडली होती. रंगीत फरशा, शिसवी खुर्च्या, गुलाबी-हिरव्या चिनी मातीच्या ताटल्या; सारे नजर लावण्याजोगे. आज या पाककलेला जगात मान आहे. सिंगापूरमधील 'कँडलनट' या पेरानाकन भोजनगृहाला २०१६ मध्ये मिशेलिन तारा मिळाला, हे आम्हांला चिरंजीवानेच सांगितले.

चिरंजीवाने दोन दिवस आधी आपली यादी लेखी कळवली होती : मांस, मासे, अंडी, कांदा, लसूण, बटाटा, गाजर, आले, अळंबी यांपैकी काहीही नको. भरतकामाचा कबाया घातलेल्या, साठीच्या घरातील एक बाई आमच्या मेजापाशी आल्या. त्या तेथील व्यवस्था पाहत असाव्यात. त्यांनी इंग्रजीत, सावकाश, एकेक पदार्थ समजावून सांगितला. त्यांच्या जवळजवळ प्रत्येक पदार्थाचा पाया 'रेम्पा' हे वाटण. त्यात छोटे कांदे असतात आणि बहुधा 'बेलाचान', म्हणजे आंबवून वाळवलेल्या कोळंबीचा गोळा. त्यांच्या सर्वांत मानाच्या पदार्थात केलुआक नावाच्या झाडाच्या बिया वापरतात. त्या बिया कच्च्या असताना विषारी असतात. उकळून, राखेत व मातीत सुमारे ४० दिवस पुरून ठेवल्यावरच त्या खाण्यायोग्य होतात. पण तो पदार्थ कोंबडीचा. भाज्यांच्या पदार्थातही सुकी कोळंबी पडते.

"काढून टाकता येईल" असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. वाटणात जे मुरले आहे ते काढता येत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. छत्तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे मला अशा माणसांविषयी आदर वाटतो. जो पहिल्या भेटीतच 'हे जमणार नाही' म्हणतो, त्याच्या 'जमेल' या शब्दावर विसंबता येते.

त्यांना जमले ते असे : साधा भात, वेगळ्या सुरीने व वेगळ्या फळीवर चिरलेली काकडी आणि अननस यांची मीठ-मिरची-लिंबू लावलेली कोशिंबीर, आणि शेवटी 'पुलुत इंती'. चिकट तांदूळ नारळाच्या दुधात वाफवून त्याचे मूद पाडलेले, त्यावर जागोजागी निळ्या रंगाची छटा आणि माथ्यावर ताडगुळात शिजवलेला ओला नारळ. निळा रंग कशाचा म्हणून विचारले, तेव्हा त्यांनी आतून एक वाळलेले फूल आणून दाखवले. आपल्या कुंपणावरची गोकर्णी! सौ.ने माथ्यावरचा नारळ चाखला आणि एकदम मराठीत बोलून गेली, "अगं बाई, हे तर आपले सारण!"

त्या बाईंना भाषा कळली नाही, पण अर्थ कळला. मग त्या खुर्ची ओढून बसल्या. सौ.ने कृती विचारली, तर त्या हसून म्हणाल्या, "आगाक-आगाक." म्हणजे अंदाजाने. त्यांच्या आईने कधी काही मोजले नाही. जुन्या घराण्यांत कृती सुनेलाही सहजासहजी सांगत नसत. मुलगी पाहायला आलेली सासू आतून येणाऱ्या पाटा-खलाच्या ठेक्यावरून तिचा हात ओळखी, असेही सांगतात. पुढे मुली शिकल्या, नोकऱ्या करू लागल्या. स्वयंपाकघरात दिवस दिवस घालवणे त्यांना शक्य राहिले नाही. अशा वेळी १९७४ मध्ये एका न्योन्या गृहिणीने घरच्या कृती वजन-मापांसह पुस्तकात छापल्या. त्या गृहिणी म्हणजे सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली कुआन यू यांच्या मातोश्री. अंदाज हातातून कागदावर उतरला, म्हणून पुढच्या पिढीला काही मिळाले.

परतताना गाडीत सौ. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाईंचे पण सगळे आगाक-आगाकच होते."

तंजावरच्या केळीच्या पानावर

परतीचे तिकीट चिरंजीवाने सिंगापूरहून थेट तिरुचिरापल्लीचे काढले होते. तमिळनाडूतील जैन स्थाने पाहावीत ही आमची अनेक वर्षांची इच्छा. आणि तिरुचिरापल्लीपासून तंजावर साठेक किलोमीटर. मलाक्क्याला गेलेल्या चेट्टींच्या पूर्वजांचा कोरोमंडल किनारा तो हाच.

तंजावर आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत असते. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७५ च्या सुमारास तेथे भोसल्यांचे राज्य स्थापिले. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी पुरुष वारसाविना वारले आणि कंपनी सरकारने ते राज्य गिळले. मधल्या सुमारे १८० वर्षांत राजाबरोबर कारकून आले, शास्त्री आले, कीर्तनकार आले, आचारी आले. राज्य गेले, माणसे राहिली. बृहदीश्वराच्या प्रचंड मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास आजही वाचता येतो. तमिळ देशाच्या मध्यभागी, हजार वर्षे जुन्या चोळांच्या देवळात आपली लिपी आणि आपली भाषा पाहून अंगावर रोमांच उभे राहतात.

आम्ही ज्या हॉटेलात जेवलो, ते एका जुन्या वाड्यात अतिशय अभिरुचीने थाटलेले होते आणि पूर्ण शाकाहारी होते. चौकात तुळस, ओसरीवर वीणा, पितळेची भांडी आणि धुतलेले केळीचे पान. आमची यादी ऐकून वाढपी आत गेला आणि साठीपुढचे एक गृहस्थ बाहेर आले. कपाळी गंध, खांद्यावर पंचा. सारे त्यांना 'राव' म्हणत होते. त्यांनी आमचे आडनाव विचारले, गाव विचारले आणि संभाजीनगर म्हणताच ते मराठीत बोलू लागले.

ती मराठी ऐकण्यासारखी होती. हेल तमिळ, मधूनमधून शब्दही तमिळ. पण काही रूपे अशी जुनी, की माझ्या आजीच्या तोंडूनच पूर्वी ऐकलेली. त्यांच्या घराण्यात नऊ पिढ्या कोणी महाराष्ट्रात राहिलेले नाही, असे ते म्हणाले. आमचे नियम समजायला त्यांना क्षणही लागला नाही. कांदा, लसूण आणि बटाटा त्यांच्याही घरी श्राद्धाच्या दिवशी चालत नाही. "तुमच्याकडे रोजच तो नेम," एवढेच ते बोलले.

मग पानावर एकेक पदार्थ येऊ लागला आणि राव त्याची कुळकथा सांगू लागले. प्रथम कारल्याचे 'पिटलै'. हे नाव आपल्या पिठल्यावरून आले असे मानतात, पण त्यात बेसन नव्हते. तुरीची डाळ, चिंच, भाजलेले धणे, हरभऱ्याची डाळ आणि ओले खोबरे यांचे वाटण. दाटपणा तेवढा पिठल्याचा. 'रसवांगी' हा दुसरा पदार्थ, म्हणजे सरळ सरळ रस आणि वांगी. वांगे बहुबीज म्हणून आम्हांस वर्ज्य. तेव्हा नावाच्या आनंदावर समाधान मानले. पुरणपोळी तेथे 'बोळी' झाली आहे.

सांबाराची गोष्ट तर निघणारच होती. शहाजी राजांच्या, म्हणजे एकोजींच्या पुत्राच्या, मुदपाकखान्यात एकदा आमटीला आमसूल नव्हते. तेव्हा चिंच घातली. त्या दिवशी पाहुणे म्हणून छत्रपती संभाजी महाराज होते, आणि त्यांच्या नावावरून त्या आमटीला 'सांबार' म्हणू लागले, अशी ती कथा. संभाजीनगरच्या माणसाला ती गोड वाटणारच. परंतु माझ्यातील बँक अधिकारी जागा झाला. या नोंदीला व्हाउचर नाही. समकालीन कागदाचा आधार कोणी दाखवलेला नाही. तरी कथेतले एक तथ्य व्यंजनात दिसतेच : आमसूल कोकणचे, चिंच तेथील अंगणातली. जे मिळाले त्यावर आमटी उभी राहिली, जशी आमची राबोडी ज्वारीवर राहिली.

दही तापवले गेले

सर्वांत शेवटी 'डांगर पच्चडी' आली. भाजलेल्या उडदाचे पीठ दह्यात कालवलेले, वर हिंग-मोहरीची फोडणी. नावही तेच आणि रूपही तेच! आमच्या शेजारच्या ब्राह्मण कुटुंबात उन्हाळ्यात डांगर होई आणि लहानपणी त्याचा वास आमच्या अंगणापर्यंत येई. पण ते आमच्या घरी कधीच झाले नाही. कारण वाचक जाणतातच. कच्चे दही आणि द्विदल धान्य एकत्र आले की ते आपल्याला अभक्ष्य.

सौ.ने संकोचत हात आडवा धरला. रावांना वाटले, उडीद चालत नसावा. तिने समजावले : उडीद चालतो, दहीही चालते, कच्चे दही आणि डाळ एकत्र चालत नाही, दही आधी तापवून घेतले तर चालते. रावांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे कढीसारखे?" असे विचारून ते आत गेले. दहाएक मिनिटांनी परतले. दही घुसळून, मंद आचेवर ढवळत तापवून, मग निववून त्यात पीठ कालवले होते. वर तीच फोडणी. चव मूळच्यापेक्षा थोडी गोडसर आणि दाट होती, असे राव स्वतः चाखून म्हणाले. मग त्यांनी वाढप्याकडून कागद मागवला आणि त्यावर लिहून घेतले. जैन पाहुणे पुन्हा आले तर काय करायचे, याची ती नोंद होती.

वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी प्रथमच डांगर खाल्ले.

त्या कागदाकडे मी पाहत राहिलो. तंजावरच्या मातीत ही सवय जुनीच दिसते. सतराव्या शतकात महाराष्ट्रातून तेथे गेलेले रघुनाथ पंडित नवहस्त यांनी अन्नाच्या गुणदोषांवर 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. एकोजींच्या राणी दीपाबाई यांचा त्यांना आश्रय होता. सरफोजींच्या पाकशाळेतील कृती 'शरभेंद्र पाकशास्त्र' या नावाने नोंदल्या गेल्या. सरस्वती महाल ग्रंथालयाने ते पुस्तक छापून आपल्यापर्यंत आणले. राजांनी किल्ले बांधले, ते पडले. आचाऱ्यांच्या कृती कोणी तरी लिहून ठेवल्या, म्हणून त्या टिकल्या.

नियम आणि राबोडी

सायंकाळी उन्हे उतरण्यापूर्वी आम्ही करंथै भागातील आदिनाथ दिगंबर जैन मंदिरात गेलो. तमिळ जैन, ज्यांना तिकडे 'नैनार' म्हणतात, हे काही आपल्यासारखे व्यापारासाठी दक्षिणेत गेलेले लोक नव्हेत, ते तिथलेच. मदुरैच्या परिसरातील टेकड्यांत जैन मुनींसाठी कोरलेल्या शय्या आणि ब्राह्मी शिलालेख ख्रिस्तपूर्व काळातील आहेत. मंदिरात भेटलेल्या एका वृद्ध दांपत्याशी आमचे बोलणे मोडक्या इंग्रजीत आणि खुणांनी झाले. त्यांचे जेवण इडली, डोसा, रसम, भात. दाल-बाटी त्यांनी पाहिलेली नव्हती, राबोडीचे नावही ऐकले नव्हते. पण सूर्य कलू लागताच आजीबाईंनी घड्याळाकडे बोट दाखवले आणि दोघे लगबगीने घरी निघाली. रात्रिभोजन नाही.

मी सौ.ला म्हटले, "पाहिलेस? ताटातले सारे वेगळे, तरी नियम तोच. सिंगापूरच्या आपल्या नातीची उगाच काळजी करतो आपण. तिथेही जैन समाज आहे, त्यांची धार्मिक संस्था आहे. ती पोर खाईल ते तिथले खाईल, पण नियमाने खाईल."

सौ. पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "धर्म राहील हो. तो पाळला की राहतो. बाईंची राबोडी मात्र राहिली नाही. ती कोणी लिहूनच घेतली नाही, आणि मी शेजारी उभी असून विचारली नाही."

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. छत्तीस वर्षांत मी हजारो लोकांच्या मुदतठेवी नोंदवल्या, नामनिर्देशन केल्याशिवाय एकही अर्ज पुढे सरकू दिला नाही. माझ्या आईच्या हातात जी ठेव होती, तिला नामनिर्देशन नव्हते.

गच्चीवरचा हिशेब

जानेवारीत आम्ही घरी परतलो. सूतगिरणी चौकातील दुकानातून सौ.ने दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर तंजावरचे पिटलै लिहिले. पण लिहिताना तिचे 'थोडेसे' आणि 'बेताचे' काही सुटेना. जूनच्या सुटीत नात आली, तेव्हा तो प्रश्न तिने सोडवला. तिने बॅटरीवर चालणारा वजनकाटा ओट्यावर ठेवला आणि फर्मान काढले : दादीने मुठीत काहीही उचलले की आधी काट्यावर टाकायचे, मगच पातेल्यात. वहीच्या वेष्टणावर तिने वेड्यावाकड्या देवनागरीत लिहिले आहे : 'आगाक-आगाक नाही'.

राबोडीसाठी मी जालन्याहून माझ्या आत्याबाईंना आणले. त्यांचे वय चौऱ्याऐंशी. गेल्या पंचवीस वर्षांत त्यांनी स्वतः राबोडी केलेली नाही. पण बाईंच्या शेजारी बसून त्यांनी अनेकदा ती घातली होती. त्यांना प्रमाण आठवेना, हात मात्र आठवत होता. पीठ वस्त्रगाळ हवे. डाव पातेल्यात उभा राहीपर्यंत शिजवायचे. आणि ज्या गोष्टीवर आम्ही तीन उन्हाळे अडलो होतो, ती त्यांनी सहज सांगितली : "अगं, पहिल्या दिवशी उन्हात नाही घालायची. पहिला दिवस सावली, दुसऱ्या दिवशी ऊन. भरकन वाळली की तडकणारच."

नातीने लिहिले : ज्वारीचे पीठ ५०० ग्रॅम, ताजे ताक २ लिटर, मीठ २० ग्रॅम, जिरे ५ ग्रॅम. जूनचे आभाळ भरून येत होते. दोन दिवस आम्ही सारे गच्चीवर पांढरे पंचे उचलत आणि पसरत होतो. चकत्या घातल्या होत्या ४१. सगळ्या वाळल्यावर अखंड निघाल्या १७. भाजी केली, तर विरघळली नाही. चव बाईंच्या चवीच्या जवळ आली होती. तीच होती असे मी म्हणणार नाही. आत्याबाईंनीही म्हटले नाही. "मिठाचा अंदाज अजून चुकतोय," एवढेच त्या म्हणाल्या, आणि नातीने तेही लिहून घेतले. त्या पानावर सौ.ने वर 'काम चालू' असा शेरा मारला आहे. पुढचा प्रयत्न वैशाखात, भरपूर उन्हात.

उरलेल्या राबोड्या पितळी डब्यात आहेत. तो आता खालच्या फळीवर आला आहे.

वाचकहो, आपल्याही घरात एखादी आजी, काकू, आत्या असेल, जिच्या हातात असे काही असेल. येत्या सुटीत नातवंडांच्या हाती वही आणि वजनकाटा द्या आणि तिच्या शेजारी बसवा. जय जिनेंद्र.

सौ.च्या वहीतून : तंजावरचे कारल्याचे पिटलै

*चार जणांसाठी*

साहित्य : कारली २५० ग्रॅम, तुरीची डाळ १०० ग्रॅम, शेंगदाणे ३० ग्रॅम, चिंच २० ग्रॅम, गूळ १५ ग्रॅम, हळद, मीठ, हिंग. वाटणासाठी धणे २ मोठे चमचे, हरभऱ्याची डाळ १ मोठा चमचा, सुक्या लाल मिरच्या ५, मिरे अर्धा लहान चमचा, ओले खोबरे ५० ग्रॅम. फोडणीसाठी तेल, मोहरी, कढीपत्ता.

कृती : कारल्यांच्या बिया काढून पातळ चकत्या कराव्यात, मीठ लावून अर्धा तास ठेवून पिळून घ्याव्यात. डाळ आणि शेंगदाणे वेगवेगळे मऊ शिजवावेत. थोड्या तेलात हरभऱ्याची डाळ, धणे, मिरे व मिरच्या खमंग परताव्यात. शेवटी खोबरे घालून तांबूस करावे आणि थोडे पाणी घालून वाटावे. चिंचेच्या कोळात पाणी, हळद, मीठ व हिंग घालून त्यात कारली शिजवावीत. कारली शिजल्यावर गूळ, डाळ, शेंगदाणे आणि वाटण घालून दाटसर होईपर्यंत मंद आचेवर उकळावे. वरून फोडणी द्यावी. गरम भाताबरोबर किंवा आपल्याकडील ज्वारीच्या भाकरीबरोबर वाढावे. भाकरीबरोबर ते अधिक चांगले लागते, असे आमच्या घरचे एकमत आहे. तंजावरच्या रावांना हे अद्याप कळवलेले नाही.